पर्यावरणीय निर्देशक आणि शाश्वततेचे धोरण : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : पर्यावरणीय निर्देशक, शाश्वत विकास, मुंबई उपनगरे, पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल, हवा गुणवत्ता निर्देशांक

१. प्रास्ताविक

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६३-ब नुसार महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी बृहन्मुंबईच्या पर्यावरणाच्या स्थितीविषयीचा अहवाल महानगरपालिकेसमोर ठेवावयाचा असतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत समाविष्ट केला व तो नगरसंस्थांच्या कार्यकक्षेत आणला. कलम ६३-ब कडे त्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. 'पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या या दस्तऐवजात हवा, पाणी, ध्वनी, घनकचरा, वृक्ष, वाहने अशा अनेक विषयांचे आकडे तक्त्यांच्या रूपाने दिलेले असतात. महाविद्यालयीन अध्यापकांना तो अपरिचित नाही. पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पांसाठी विद्यार्थी त्यातीलच तक्ते उतरवून घेतात आणि आपण ते तपासून गुण देतो.

मात्र या आकड्यांमुळे शहराचा कोणता निर्णय बदलला, हा प्रश्न प्रकल्पात सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारला आहे. निर्देशक कोठे मोजला, त्यात काय मोजले आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेल्यावर कोणी काय करावयाचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निर्देशकाची उपयुक्तता अवलंबून असते. पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा शास्त्रज्ञ आपापल्या परीने करीत असतात. तिसरा प्रश्न धोरणाचा आहे आणि तो बहुधा अनुत्तरित राहतो. त्याचे उत्तर ठरलेले नसेल, तर निर्देशक धोरणाला दिशा देत नाही. काही केल्याचे समाधान देऊन तो धोरणाचीच जागा घेतो. मुंबई उपनगरांतील तीन उदाहरणांच्या आधारे हे प्रतिपादन येथे तपासून पाहिले आहे.

२. निर्देशकाची संकल्पना

'निर्देशक' आणि 'निर्देशांक' या संज्ञा आपल्याकडे अनेकदा समानार्थी वापरल्या जातात. त्यांतील भेद सांभाळणे आवश्यक आहे. एखाद्या गुंतागुंतीच्या स्थितीची खूण म्हणून निवडलेले एक मोजमाप म्हणजे निर्देशक; उदाहरणार्थ, हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण. अशी अनेक मोजमापे ठरावीक सूत्राने एकत्र करून मिळणारा एक आकडा म्हणजे निर्देशांक. उदाहरणार्थ, हवा गुणवत्ता निर्देशांक. निर्देशकात निवड असते, तर निर्देशांकात निवडीबरोबर सूत्रही असते. या दोन्ही गोष्टी माणसे ठरवितात.

१९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. १९९२ च्या रिओ परिषदेतील 'अजेंडा २१' च्या चाळिसाव्या प्रकरणात, निर्णयप्रक्रियेसाठी शाश्वत विकासाचे निर्देशक विकसित करावेत, असे आवाहन करण्यात आले. पुढच्याच वर्षी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 'दाब–स्थिती–प्रतिसाद' ही चौकट मांडली. मानवी व्यवहारांचा निसर्गावर दाब पडतो, त्यामुळे निसर्गाची स्थिती बदलते आणि त्या बदलाला समाज प्रतिसाद देतो, असा तिचा क्रम आहे. मुंबईच्या पर्यावरणविषयक अहवालांकडे या चौकटीतून पाहिले असता दाब आणि स्थिती यांचे आकडे विपुल आढळतात. प्रतिसादाच्या रकान्यात मात्र बहुधा योजनांची यादी असते. अमुक आकडा आला म्हणून अमुक योजना आखली, असा कार्यकारण दुवा तेथे क्वचितच सापडतो.

३. कोठे मोजले? : २६ जुलै २००५

२६ जुलै २००५ च्या पावसाची नोंद हे निर्देशकाच्या स्थानाचे महत्त्व सांगणारे ठळक उदाहरण आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्याची नोंद ७३ मिलिमीटरच्या आसपास होती. मिठी नदीला पूर आला, कुर्ला–कलिना परिसर पाण्याखाली गेला आणि साकीनाक्याजवळ दरड कोसळून वस्ती गाडली गेली. दक्षिण मुंबईसाठी तो पावसाळ्यातील एक सर्वसाधारण दिवस होता. दोन्ही नोंदींची सरासरी काढली, तर ती ५०८ मिलिमीटरच्या घरात येते. हा पाऊस मुंबईतील कोणत्याही वेधशाळेने नोंदविला नव्हता.

१ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२, तर मुंबई शहर जिल्ह्याची ३०,८५,४११ होती. म्हणजे मुंबईकरांपैकी चारांतील तिघे उपनगरांत राहतात. अशा स्थितीत 'मुंबईचा' म्हणून दिलेला एकच आकडा नेमका कोणाच्या अनुभवाचा आहे, हे विचारल्याशिवाय तो स्वीकारता येत नाही.

याच घटनेतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. शहराची जुनी पर्जन्यजल वाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. त्याशिवाय पडलेल्या पावसापैकी निम्मेच पाणी वाहिन्यांकडे येईल आणि उरलेले जमिनीत मुरेल, असेही तिचे गृहीतक होते. अभियंत्यांच्या भाषेत हा अपवाह गुणांक ०.५ होय. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी आणि अपवाह गुणांक १ धरावा, अशी शिफारस केली. म्हणजेच मुरण्यासाठी जमीन उरलेली नाही असे समजून वाहिन्या बांधाव्यात, असे त्या अहवालाचे सांगणे होते.

हा गुणांक केवळ स्थापत्यशास्त्रातील बाब नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील मोकळ्या भूखंडांचे, वाड्यांचे, भातखाचरांचे आणि मिठागरांचे काय झाले, याची ती अप्रत्यक्ष नोंद आहे. ०.५ पासून १ पर्यंतच्या प्रवासात उपनगरांच्या मातीचा इतिहास आहे. एका अर्थाने हा मुंबईच्या शाश्वततेचा अत्यंत प्रामाणिक निर्देशक होता आणि तो १९९३ मध्ये उपलब्धही होता. तरीही शिफारस केलेली बहुसंख्य कामे पुढील बारा वर्षे रेंगाळली. २००५ मध्ये एका तासात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ५० ची क्षमताही अपुरी पडली असती, हे खरे आहे. परंतु २५ आणि ५० मधील अंतर हा निसर्गाचा प्रकोप नव्हता. ते उपलब्ध ज्ञान आणि प्रत्यक्ष कृती यांमधील अंतर होते.

यानंतर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला आणि महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यास सुरुवात केली. 'कोठे मोजले' या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बरेच सुधारले. मात्र ही सुधारणा आपत्तीनंतर झाली.

४. काय मोजले? : माहुलची हवा

स्थान योग्य असले, तरी निवडलेले मोजमाप अपुरे असू शकते. घाटकोपरच्या दक्षिणेस, चेंबूरपलीकडील माहुल हे याचे उदाहरण आहे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या साठवण टाक्या यांच्या शेजारी येथे प्रकल्पग्रस्तांसाठी इमारती उभ्या राहिल्या. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशानुसार हटविण्यात आल्या, तेव्हा विद्याविहार–घाटकोपर पट्ट्यातील कुटुंबांसह अनेकांचे पुनर्वसन या इमारतींत झाले. येथे एक विचित्र योग दिसतो. शहराच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता हा एक निर्देशक सांभाळताना माणसे अशा ठिकाणी नेली गेली, जेथे हवेचा निर्देशक विचारात घेतला गेला नव्हता.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये दिलेल्या निर्णयात माहुल–आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नमूद केले. या प्रकरणाच्या केंद्रस्थानी वाष्पनशील सेंद्रिय संयुगे होती. आता त्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाकडे पाहू. त्यात आठ प्रदूषकांचा समावेश आहे : दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. २००९ च्या राष्ट्रीय परिवेशी हवा गुणवत्ता मानकांत मात्र बारा प्रदूषक आहेत. निर्देशांकातून वगळलेल्या चार प्रदूषकांत बेंझीन आहे. कर्करोगकारक म्हणून ज्ञात असलेले हे संयुग पेट्रोलियम उद्योगाशी निगडित आहे.

या वगळण्यामागे तांत्रिक कारण असू शकते. निर्देशांक रोजच्या रोज सांगावयाचा असतो, तर बेंझीनचे मानक वार्षिक सरासरीचे आहे. ते कारण मान्य केले, तरी त्याचा परिणाम टळत नाही. माहुलच्या रहिवाशाने भ्रमणध्वनीवर 'मध्यम' हा शब्द वाचला, तर त्या शब्दात त्याच्या खिडकीतून येणाऱ्या वासाचा हिशेब धरलेला नसतो. निर्देशांक खोटे बोलत नाही. त्याला जे विचारले गेले, तेवढेच तो सांगतो. अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये माहुलला आणखी कुटुंबे पाठवू नयेत आणि तेथे राहू न इच्छिणाऱ्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असे निर्देश दिले. धोरण बदलले ते रोजच्या निर्देशांकामुळे नव्हे, तर रहिवाशांच्या आंदोलनामुळे आणि न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यांमुळे.

मोजमापाच्या एककाचा प्रश्नही याच सदरात येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्या वेळच्या वादात एका बाजूला तोडलेल्या झाडांची संख्या होती, तर दुसऱ्या बाजूला लावलेल्या रोपांची. जुने झाड आणि हातभर रोप यांना एकच एकक मानले, की वजाबाकी करणाऱ्याचे काम सोपे होते. राज्याच्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' ही संज्ञा दिली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. एकक बदलले, तर धोरणाची किंमत बदलते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

५. मर्यादा ओलांडल्यावर काय?

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक जाहीर केला. ७० वा त्याहून अधिक गुण मिळालेली क्षेत्रे 'अतिगंभीर' ठरली आणि जानेवारी २०१० मध्ये तेथील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीवर स्थगिती आली. महाराष्ट्रातील चंद्रपूर (८३.८८), डोंबिवली (७८.४१), औरंगाबाद (७७.४४), नवी मुंबई (७३.७७) आणि तारापूर (७२.०१) ही क्षेत्रे त्या यादीत होती. चेंबूरला ६९.१९ गुण मिळाले. अवघ्या ०.८१ गुणाच्या फरकाने चेंबूर 'गंभीर' या खालच्या गटात गेले आणि स्थगितीतून सुटले. या ०.८१ गुणामुळे चेंबूरची हवा तारापूरहून सुसह्य होते, असे कोणी म्हणणार नाही. तथापि, या उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. या निर्देशांकाला कृतीची जोड होती, म्हणूनच ०.८१ गुणाला महत्त्व आले. कृती जोडलेली नसती, तर ६९ काय आणि ७१ काय, दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी शेजारी पडून राहिले असते.

अलीकडचे उदाहरण बोरिवलीचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांवरील धूळ नियंत्रणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळा येथील हवा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या वर राहिल्याने तेथील बांधकामे थांबविण्याचा आदेश आयुक्तांनी दिला. जानेवारी २०२५ मध्ये स्थिती सुधारल्यावर निर्बंध उठविण्यात आले. राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतील बोरिवलीवर ही वेळ यावी, हे चिंताजनक आहे. मात्र एका विशिष्ट भागातील एका आकड्यामुळे त्या भागात प्रत्यक्ष काम थांबले, ही गोष्ट मुंबईच्या पर्यावरणीय प्रशासनात दुर्मीळ होती आणि तिची नोंद घ्यावयास हवी.

आता कलम ६३-ब कडे परत येऊ. या कलमाने आयुक्तांवर अहवाल ठेवण्याचे बंधन घातले. अहवाल वाचून काही ठरविण्याचे बंधन कोणावरही घातले नाही. आयुक्तांनी अहवाल ठेवावा आणि लोकप्रतिनिधींनी त्यावर प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा त्यामागे गृहीत असावी. परंतु मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढील निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे अहवाल सादर करणारा आणि तो स्वीकारणारा अधिकारी एकच होता. आकडे या काळातही तयार होत राहिले. ते ज्यांच्यासमोर ठेवावयाचे, ते सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मधील मुंबई हवामान कृती आराखड्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले, तेही याच काळाच्या आरंभी. शहराच्या पुढील तीन दशकांचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा अंधेरीच्या वा मुलुंडच्या नगरसेवकाला त्यावर सभागृहात बोलण्याची संधी राहिली नव्हती.

६. काही आक्षेप

उपरोक्त विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. प्रत्येक निर्देशकाला सक्तीची कृती जोडली, तर आकडाच वाकविण्याकडे कल होईल, हा पहिला आक्षेप. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हेच निरीक्षण नोंदविले होते : नियंत्रणासाठी वापरात येताच मोजमापाची विश्वसनीयता ढासळते. हा धोका खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे कृती काढून टाकणे नव्हे, तर मोजणारी आणि कृती करणारी यंत्रणा वेगळी ठेवणे व कच्ची नोंद सर्वांना खुली करणे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोरिवलीत बांधकाम थांबते, तेव्हा विकासकाचे वेळापत्रक लांबते. परंतु नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याची त्या दिवसाची मजुरीच बुडते. वाईट हवा सर्वांत जास्त त्याच्याच छातीत जाते आणि ती सुधारण्याची किंमतही तोच देतो. या अन्यायाकडे डोळेझाक करून शाश्वततेची भाषा बोलता येणार नाही. म्हणून मर्यादा ओलांडल्यावर 'काय थांबवावयाचे' याबरोबर 'कोणाची भरपाई करावयाची' हेही आधीच ठरलेले असले पाहिजे. मर्यादा स्वतःदेखील निर्विवाद नसतात. सूक्ष्म धूलिकणांसाठी आपले वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते ५ असावे असे सुचविले. या दोन आकड्यांमधील अंतर विज्ञानाने ठरविलेले नाही. किती आजारपण सोसावयाचे, याविषयीचा तो सामाजिक निर्णय आहे.

७. आपली जबाबदारी

इतरांची चिकित्सा करताना स्वतःकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. नॅकच्या सातव्या निकषामुळे आता बहुतेक महाविद्यालयांत हरित लेखापरीक्षण होते. उपनगरातील एका महाविद्यालयाच्या अशा लेखापरीक्षणात प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसह काम केले आहे. आवारातील झाडे मोजली, नळांची गळती मोजली, वर्गांतील दिव्यांचा वापर मोजला. अहवाल सुबक बांधून फाईलमध्ये गेला. पुढील तुकडीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गेल्या वर्षी गळका म्हणून लिहिलेला नळ अजून गळतोच आहे. तो या वर्षीही मोजायचा का?" या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. कलम ६३-ब मधील उणीव आमच्या फाईलमध्येही होती. गळती मोजण्याचे काम आम्ही कोणाला तरी नेमून दिले होते. नळ दुरुस्त करण्याचे काम कोणालाच दिले नव्हते.

८. समारोप

निर्देशकांची संख्या वाढविणे हे आजच्या मुंबईचे मुख्य काम नाही. हाती असलेल्या प्रत्येक निर्देशकापुढे तीन रकाने जोडणे अधिक आवश्यक आहे : हा आकडा कोणत्या वस्तीचा आहे, यात काय धरलेले नाही, आणि ही मर्यादा ओलांडल्यावर कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत काय करावयाचे आहे. पहिला रकाना असता, तर २००५ पूर्वी उपनगरांत अधिक पर्जन्यमापक बसले असते. दुसरा असता, तर माहुलच्या इमारतींत कुटुंबे पाठविण्यापूर्वी तेथील हवेची वेगळी तपासणी झाली असती. तिसरा असता, तर १९९३ चा अहवाल बारा वर्षे रेंगाळला नसता.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने महापालिकेला पुन्हा निर्वाचित सभागृह मिळाले आहे. ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल त्याच्यासमोर यावयाचा आहे. त्या चर्चेत उपनगरांतील नगरसेवकांनी आपल्या प्रभागाचा आकडा वेगळा मागावा आणि त्यापुढील तिसरा रकाना भरून घ्यावा. आपणही विद्यार्थ्यांना तक्ता उतरवून घेण्यास सांगताना हा रकाना आखून द्यावा. तो पहिल्या वर्षी रिकामा राहील, हे उघड आहे. परंतु रकाना रिकामा आहे, ही नोंदसुद्धा एक निर्देशकच असेल आणि ती पुढच्या वर्षी पुन्हा तपासता येईल.